आबा कापसात नाईत

देवरावांशी त्यांच्या नातीनं कट्टी घेतली होती, आणि आज कट्टीचा आठवा दिवस होता.

ज्या माणसानं उभ्या आयुष्यात तीन सरपंचांशी भांडण काढलं आणि एकाशीही मिटवलं नाही, त्याला सात वर्षांच्या पोरीचा अबोला मेटाकुटीला आणेल, हे गावात कोणाला खरं वाटलं नसतं. पण आणलं होतं खरं. उर्वशी त्यांच्याशी बोलायची ती फक्त चार वर्षांच्या भावामार्फत. आबा दोन हातांवर बसलेले असायचे आणि ही म्हणायची, "धम्मू, आबाले सांग, आजी जेवाले बलावून राह्यली." धम्मरत्न वळून इमानदारीत सांगायचा, "आबा, आजी जेवून राह्यली." असे दोन दिवस देवराव थंड भाकर खाऊन उठले.

कारण म्हणाल तर नाताळ. उर्वशी बाभुळगावच्या कॉन्व्हेंटात जायची. आमच्याकडे जिथं टाय बांधावा लागतो ती शाळा कॉन्व्हेंट, मग तिथं येशूचा फोटो असो की नसो. तिथल्या बाईंनी सांगितलं की घरी झाड सजवा, आणि चोवीस तारखेला सांता नावाचा पांढऱ्या दाढीचा म्हातारा खाऊ घेऊन येतो. बाईंनी सहज सांगितलं, उर्वशीनं मनावर घेतलं. चार मैत्रिणींना तिनं परस्पर आमंत्रणच दिलं, की या, आमच्या घरी सांता येणार आहे. त्यात एक होती जया. या पोरीला प्रत्येक गोष्टीचा पुरावा लागायचा. शाळेत गांधीजींचा जन्म सांगितला तरी ती विचारायची, कोणी पाहिला?

पोरींची ही बोलणी ओट्यावर चालली होती, आणि तिथंच देवराव कापसातला पालापाचोळा निवडत बसले होते. गप्प बसायचं ना. पण तो स्वभावच नव्हता.

"अवं पोट्टेहो," ते म्हणाले, "असा कोनी बुढा नसते. आपल्या गावात जो येते तो इचारते, घरात किती पोरं, वावर किती एकर, आन फोटो काढून चालला जाते. काही न इचारता देऊन जानारा मानूस आजलोक पाह्यला का कोनी?"

तसं त्यांचं चुकलं नव्हतं. ती वर्षंच तशी होती. कापसाचा भाव असा बसला होता की उठायचं नाव घेत नव्हता, आणि दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या मोठ्या शहराची कॅमेरेवाली गाडी गावात यायची. पण बरोबर असण्याचा उपयोग काय? जयानं तिथल्या तिथं उर्वशीला "फेकाडी" म्हटलं. दुसऱ्या दिवशी शाळेची अख्खी गाडी म्हणायला लागली. उर्वशी घरी आली, दप्तर ठेवलं, आबांसमोर उभी राहिली आणि एक शब्द न बोलता करंगळी दाखवून आत गेली.

देवरावांना जेवणाचं दुःख नव्हतं. दुःख होतं संध्याकाळचं. रोज दिवेलागणीला उर्वशी त्यांच्या पाठीशी उभी राहून डोक्यातले काळे केस मोजायची. बाकी डोकं पांढरं, काळे उरले होते मोजून नऊ. कधी आठ भरायचे, मग हरवलेला केस सापडेपर्यंत आबांनी मान हलवायची नाही, असा कायदा होता. आता आठ दिवस झाले, कोणी मोजलं नव्हतं. रोज संध्याकाळी देवराव सवयीनं टोपी काढून बसायचे आणि थोड्या वेळानं परत घालायचे. त्यांची बायको रुखमाबाई हे चुलीपाशी बसून पाहत होत्या. शेवटी सहाव्या दिवशी त्यांनी निकाल दिला.

"तुमीच व्हा तो बुढा."

"मी?" देवराव उखडले. "छप्पन साली बापाच्या बोटाले धरून दीक्षेले नागपूरले गेलतो मी. मी कायले होऊ?"

"मंग? तठी सांगतलं होतं का, नातीले रडवजा म्हनून?"

बेचाळीस वर्षांच्या संसारात रुखमाबाईंपुढे त्यांच्याकडे उत्तर असल्याची नोंद नाही.

तयारी सुरू झाली. शाळेनं सामानाची चिठ्ठी दिली होती. त्यात शेवटी लिहिलं होतं, बर्फासाठी मेडिकलमधून कापसाचं एक बंडल आणावं. हे सुनेनं, म्हणजे साधनानं, वाचून दाखवलं तेव्हा रुखमाबाई डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. कापूस विकत आणायचा. घराच्या पुढच्या खोलीत कापूस आढ्यापर्यंत भरला होता. भाव वाढेल, आज वाढेल, उद्या वाढेल, म्हणून मुलानं, रवीनं, दिवाळीपासून तो घरात ठेवला होता. सगळं घर मागच्या पडवीत झोपत होतं, कापसातल्या किड्यांनी सगळ्यांना खाज सुटली होती, आणि देवरावांची बिडी दोन महिने आंगणाच्या पार कोपऱ्यात, बोरीखाली हद्दपार होती.

झाड म्हणून रवीनं वावरातून चांगली छातीएवढी पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाडच, उपटून आणली, बोंडांसकट, आणि तेलाच्या पिप्यात माती भरून त्याच खोलीत, दारापाशी उरलेल्या जागेत रोवली. बर्फ तिला आधीच लागलेला होता. जयंतीच्या मिरवणुकीतले निळे झेंडे आणि पंचशीलाच्या पताका पेटीत होत्या, त्या साधनानं लावल्या. मेणबत्त्यांचा तर त्या घरात कधीच तोटा नव्हता, पण त्यांचं नाव काढताच रुखमाबाईंनी कापसाच्या खोलीकडे असं पाहिलं की धम्मरत्ननं हातातली मेणबत्ती आपण होऊन परत ठेवली.

अडचण एकच उरली. जयानं बजावून ठेवलं होतं की खरा सांता दारातून येत नाही, धुराड्यातून येतो. या घराला धुराडं नव्हतं. चुलीचा धूर जिकडून वाट मिळेल तिकडून जायचा.

"कापसातून निंघा," रुखमाबाई म्हणाल्या.

त्यांनी हे गमतीत म्हटलं होतं. देवरावांनी ते गंभीरपणे घेतलं.

चोवीस तारखेला रविवार होता. रवी आणि साधना वेचणीला वावरात गेले. दुपारी तीन वाजता, पोरी यायच्या आत, देवरावांनी बायकोचं लाल लुगडं अंगाभोवती गुंडाळलं, टोपी खिशात कोंबून डोक्याला लाल मफलर बांधला आणि गव्हाच्या खळीनं दाढी चिकटवली. दाढीसाठी त्यांनी ढिगातला निवडक, लांब धाग्याचा कापूस काढला होता. फक्त तो जिनिंगमध्ये गेलेला नसल्यानं त्यात सरकी होती, आणि ती गालांना बोचत होती. मुरमुऱ्यांच्या लाडवांची पिशवी पोटाशी धरून ते ढिगात घुसले. रुखमाबाईंनी वरून चार पाट्या कापूस ओतला आणि नाकापुरती जागा ठेवली.

हे सगळं दारात उभ्या असलेल्या धम्मरत्ननं पाहिलं.

रुखमाबाईंनी त्याला जवळ घेतलं, एक लाडू दिला आणि समजावलं की कोणी विचारलं तर सांगायचं, आबा यवतमाळले गेले. त्यानं मान डोलावली. दुसरा लाडू मागितला. तोही मिळाला.

साडेतीनला पोरी आल्या. उर्वशीनं त्यांना खोलीत नेऊन पऱ्हाटीसमोर बसवलं. तिचा चेहरा परीक्षेला बसल्यासारखा झाला होता. आबा सांता होणार हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिला खरंच वाटत होतं की कोणीतरी येईल, आणि त्याहून जास्त वाटत होतं की कोणीच येणार नाही.

"आबा यवतमाळले गेले," धम्मरत्न म्हणाला. कोणी विचारलं नव्हतं.

"बरं," जया म्हणाली.

"कापसात नाई गेले," धम्मरत्न म्हणाला. "आबा कापसात नाईत."

रुखमाबाईंनी धावत येऊन तिसरा लाडू त्याच्या तोंडात कोंबला. जया ढिगाकडे पाहायला लागली. आत देवरावांना घाम फुटला. तशीही कापसाच्या आत डिसेंबर नव्हताच, वैशाख होता. घाम मफलरातून दाढीत उतरत होता, सरकी बोचत होती, आणि एक किडा लुगड्यात शिरून निवांत फिरत होता. रुखमाबाईंनी टाळी वाजवली की निघायचं, असं ठरलं होतं. त्या टाळी वाजवणार, एवढ्यात बाहेर टेम्पो थांबला.

पूनमसिंग हा गावोगाव फिरून कापूस घेणारा व्यापारी. रवीनं त्याला निरोप दिला होता, पण तो यायचा होता सोमवारी. टेम्पो रिकामा होता, वाटेवर गाव लागलं, म्हणून आजच आला. आला तो सरळ खोलीत. पोरींना म्हणाला, "सरका बाई हो, माल पाहू द्या," आणि व्यापारी पाहतात तसा त्यानं बाही वर सारून ढिगात खांद्यापर्यंत हात घातला. वरचा कापूस कोणीही कोरडा ठेवतो. वजन वाढवायला पाणी मारलेलं असतं ते आत, म्हणून हात आतच घालावा लागतो.

त्याचा हात देवरावांच्या दाढीवर पडला. पूनमसिंगनं मूठ आवळली, चाचपली, आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"माय, माल ओला आहे," तो म्हणाला. "चांगला ओला आहे. पानी मारलं तुमी."

रुखमाबाई काही बोलणार, पण त्याआधी ढीग बोलला.

आता देवरावांची बाजू समजून घ्या. टाळी व्हायची होती. नातीची अब्रू पणाला लागली होती, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण पाणी मारलं म्हणणं म्हणजे घराच्या तोंडावर चोर म्हणणं. देवरावांनी भाव पडलेला सोसला, कॅमेरेवाले सोसले, लुगड्यातला किडाही सोसला. हे सोसणं त्यांच्यात नव्हतं.

"कोन म्हनते बे पानी मारलं?"

कापसाचा कडा कोसळला आणि त्यातून लाल लुगड्यातला, पांढऱ्या दाढीचा, डोळे वटारलेला एक म्हातारा छातीपर्यंत वर आला. दाढी अजून पूनमसिंगच्या मुठीत होती. पूनमसिंगनं ती सोडली नाही, कारण त्याचा हात त्याचं ऐकायला तयार नव्हता. तो तसाच मटकन खाली बसला, आणि अर्धी दाढी त्याच्याबरोबर गेली.

पोरींनी एकच कल्ला केला. "सांता आला, सांता आला." तिघी नाचायला लागल्या. नाचली नाही ती जया. तिनं म्हाताऱ्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हा तर तुहा आबा आहे," ती उर्वशीला म्हणाली. "आवाज तोच आहे."

देवराव कापसात छातीएवढे उभे, उरलेली अर्धी दाढी हातानं धरून. आपण आलो, पाहिलं आणि सगळं मातीत घातलं, हे त्यांना कळून चुकलं. पोरीला आता आणखी वर्षभर फेकाडी म्हणणार होते, आणि या वेळी त्याला कारणही होतं. त्यांना खरोखर रडू येईलसं वाटलं.

उर्वशी त्यांच्याकडे पाहत होती. नीट, सावकाश पाहत होती.

"माहे आबा यवतमाळले गेले," ती जयाला म्हणाली. "आन ते भांडत असते. हे पाय, लाडू घेऊन आले."

"मंग आपल्यासारखं काहून बोलते?"

"आपल्या गावात आले तं आपल्यासारखंच बोलतीन ना. इंग्रजीत बोलले असते तं तुले समजलं असतं का?"

जयानं यावर विचार केला. तिला इंग्रजीत बत्तीस मार्क होते. तिनं हात पुढे केला आणि लाडू घेतला.

लाडू वाटून झाले. शेवटी उर्वशी पुढे आली. तिनं लाडू घेतला नाही. चवड्यांवर उभी राहून ती म्हाताऱ्याच्या मफलराजवळ तोंड नेऊन बोलली, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"सांता, आमच्या आबाले एक निरोप सांगजा. म्हना, उर्वीनं बट्टी केली."

देवरावांना तोंड उघडायची सोय नव्हती. उघडलं असतं तर त्यातून काय बाहेर पडलं असतं याचा भरवसा नव्हता. त्यांनी फक्त मान हलवली, आणि त्या हलवण्यानं दाढीतल्या दोन सरक्या खाली पडल्या.

आता सांताला जाणं भाग होतं, आणि कापसात परत घुसणं शक्य नव्हतं. रुखमाबाईंनी पूनमसिंगकडे पाहिलं. ते पाहणं त्यालाही समजलं. त्यानं मुठीतली अर्धी दाढी म्हाताऱ्याला अदबीनं परत केली, त्याला टेम्पोत शेजारी बसवलं आणि पोरींच्या गलक्यात गाडी काढली. फाट्यावर गाडी थांबली. देवराव उतरायला लागले तेव्हा पूनमसिंग म्हणाला, "बुवा, माल कोरडा आहे. मधला बुढा सोडून."

"मंग रवीले तसं सांगजो," देवराव म्हणाले, आणि टोपी घालून, लुगडं आणि मफलर काखेत मारून दोन कोस पायी परत निघाले.

घरी पोचेस्तोवर दिवेलागण झाली होती. पोरी गेल्या होत्या. उर्वशी ओट्यावर बसली होती.

"आले का यवतमाळहून?" तिनं विचारलं. सरळ त्यांनाच विचारलं. धम्मरत्न शेजारी बसून पाचवा लाडू खात होता, त्याला कोणी मध्ये घेतलं नाही.

"आलो," देवराव म्हणाले, आणि टोपी काढून पायरीवर बसले.

ती उठून त्यांच्या पाठीशी गेली. मग तिनं त्यांच्या कानामागून कापसाचा एक बोळा काढला. मानेवरून दुसरा. केसांतून सरकीसकट तिसरा. प्रत्येक बोळा ती त्यांच्या मांडीवर नीट मांडून ठेवत होती.

"यवतमाळात लय कापूस उडून राह्यला होता का, आबा?"

"लय," देवराव म्हणाले.

"मान हलवू नोका," उर्वशी म्हणाली, आणि तिनं मोजायला सुरुवात केली.