हॅल्वर्सन टॉवरच्या छज्ज्याखाली

आमच्या गावात बारा मजले म्हणजे आकाशच. माझ्या सासूच्या, व्हर्नाच्या, आजोबांनी धान्याच्या पैशातून हॅल्वर्सन टॉवर बांधला, तेव्हा चहूकडे मोकळं रान होतं. शेतकरी घोडागाड्या जुंपून नुसते लिफ्टमध्ये बसायला यायचे म्हणे. लग्न झाल्यापासून दर ख्रिसमसला मला हे ऐकवलं जातं. आणि दर एप्रिलला, इमारतीच्या वाढदिवशी, बालवाडीची पोरं तिच्या दाराशी उभी करून गाणं म्हणवतात, फोटो काढतात. यंदा माझ्या लेकीची, एल्सीची पाळी.

आठवडाभर मी मान वर करून बघत होते. दाराच्या थेट वर, छज्ज्याच्या पांढऱ्या फरशांना फुगवटा आला होता. फरशांच्या खालच्या कडेला पाणी निथळायला बारीक भोकं असतात. बर्फ वितळत होता, तरी तिथून थेंब पडत नव्हता.

"ती भोकं कुठं गेली?" मी व्हर्नाला विचारलं.

"इमारत सांभाळणाऱ्या आमच्या मंडळानं बुजवली. स्वतः पुट्टी भरली आम्ही. गांधीलमाश्या घरं करायच्या, घाण दिसायचं."

"अहो, मग पाणी रात्री आतच गोठतंय! गोठलं की फुगतं, फरशी बाहेर ढकलतं. पोरांना पलीकडच्या फुटपाथवर उभं करा."

"शंभर वर्षं उभी आहे ती. तू काल आलीस. कॉलेजात इमारतींची डॉक्टर झालीस वाटतं?" ती हसली. "म्हणून पोर अशी भित्री. आईवर गेलीय."

नगरपालिकेत फोन केला. तिथला माणूस म्हणाला, "व्हर्नाला विचारा."

वाढदिवसाच्या सकाळी मी आमची व्हॅन फुटपाथवर चढवली, दाराला आडवी लावली, कुलूप घातलं आणि रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहिले.

"काढ ती गाडी!" व्हर्ना सगळ्यांदेखत ओरडली.

"नाही."

"माझ्या पोराला, डीनला फोन लावा कुणीतरी. म्हणावं, बायकोला आवर!"

"लावा. दुसरी किल्लीही माझ्याकडेच आहे."

पोलिसानं दंडाची पावती काचेवर खोचली. गाडी ओढून न्यायचा ट्रक शेजारच्या गावाहून यायचा होता, आणि पोरं थंडीनं कुडकुडत होती. शेवटी बालवाडीच्या बाईंनी ओळ माझ्या बाजूला आणली. एका आईनं आपल्या मुलाला माझ्यापासून लांब ओढलं. एल्सीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

गाणं संपल्यावर व्हर्ना रस्ता ओलांडून आली. "पडलं का काही?"

"नाही."

"मग हलव आता ती गाडी!"

"आधी पोरं शाळेत पोचू देत," मी म्हणाले. "मग गाडी काढायला मी एकटीच जाते त्या छज्ज्याखाली."