पगडीचं दुसरं टोक

पगडीच्या कापडाची घडी घालणं हे एकट्याचं काम नव्हे. सहा मीटरचं कापड दोघांनी दोन टोकांना धरून ताणायचं, लांबीत चुण्या घालत घालत त्याची चार बोटांची पट्टी करायची आणि मग समोरच्याने त्याचं टोक घेऊन चालत आपल्यापाशी यायचं. शीख बसचालकाच्या घरी हे समोरचं माणूस म्हणजे त्याची आठ वर्षांची लेक. बायको दवाखान्यात नर्स, ती पहाटेच निघायची, त्यामुळे सकाळ बापलेकीची. लेकीच्या तोंडाला खळ नसे, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. एकदा टोक हातात आलं की शाळेतलं भांडण, मैत्रिणीचा हलणारा दात, रात्रीचं स्वप्न, सगळं बाहेर पडायचं. हा आपला "हं, हं" करायचा. आपण नुसतं कापड ताणतोय असंच त्या भल्या माणसाला वाटायचं.

एका सकाळी त्याला ड्यूटीला उशीर झाला होता. बोलता बोलता चिमणीला हसू फुटलं, टोक सुटलं आणि घातलेल्या चुण्या विसकटल्या; तेही तिसऱ्यांदा. "तोंड बंद ठेवायला काय घेशील?" म्हणत त्याने तिला दंडाला धरून खोलीबाहेर काढलं, दार लोटलं आणि टोक दाराच्या कडीला बांधलं. काम झटक्यात झालं. दुसऱ्या दिवशीही त्याने कडीच वापरली. पुढे सहा महिने तेच चाललं.

चिमणी गप्प झाली. विचारलं की उत्तर द्यायची, पण परक्या घरी आलेल्या पाहुणीसारखं, मोजून मापून. घर खायला उठलं, तेव्हा बायकोने तिला गुरुद्वाऱ्याच्या हॉलमध्ये रविवारी भरणाऱ्या चित्रांच्या वर्गात घातलं. मुलांना जे बोलता येत नाही ते रंगांतून उतरतं, असं तिथल्या बाईंचं म्हणणं होतं.

महिन्याभराने बाईंनी त्याला बोलावून चार चित्रं टेबलावर मांडली. चारही चित्रांत तोच, तीच निळी पगडी, तेच दार. पहिल्यात दार बंद होतं. दुसऱ्यात जरा किलकिलं, आणि फटीत चार बारीक बोटं. तिसऱ्यात मनगट आणि त्यातलं कडं. चौथ्यात दाराआडून एक डोळा बघत होता.

"ही आमची चिमणी," तो म्हणाला.

"मीही तसंच म्हटलं," बाई म्हणाल्या. "ती म्हणते, ही मी नाही. पापाजींनी जिला बाहेर काढलं ना, ती ही. ती अजून बाहेरच आहे." मग चित्रं गोळा करत त्या म्हणाल्या, "टोक पुन्हा तिच्या हातात द्या, भाऊ. आणि चूक झाली असेल तर तसं सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सवयीने कडीला मारलेली गाठ सोडली. दार किलकिलं करून टोक फटीतून बाहेर सरकवलं, आणि आरशापाशी मागे येत त्याने हाक मारली, "चिमणे, धरतेस?"

कापड ताणलं गेलं. दोन हलके हिसके आले. तयार झाली की ती असेच द्यायची. नजर चुण्यांवर ठेवून तो बोलत सुटला. माझं चुकलं बेटा, तुझ्या बडबडीवाचून हे घर घर वाटत नाही, मी तुला बाहेर काढायला नको होतं. सहा महिन्यांचं साचलेलं सगळं त्याने बोलून टाकलं. शेवटी म्हणाला, "ये आता आत."

"पापाजी, कोणाशी बोलताय?"

आवाज मागून आला. बाल्कनीच्या पडद्यापाशी चिमणी उभी होती. हातात ओला ब्रश, बोटांना निळा रंग. तिने कापडाकडे पाहिलं, मग दाराकडे. चेहऱ्यावर भीती नव्हती. आपल्याला जे ऐकायचं होतं ते दुसऱ्या कोणाला तरी सांगून झालंय, एवढंच तिला कळलेलं दिसत होतं.

दार करकरलं. कापड हळूहळू आखूड होऊ लागलं.

"ती आत येतेय," चिमणी समजूतदारपणे म्हणाली. तिने ब्रश आरशापुढे नीट ठेवला. "मग मी बाहेर जाते."

ती कापडाच्या कडेकडेने दाराकडे निघाली. त्याने हातातलं सोडून तिला धरायला हवं होतं. पण इतक्या महिन्यांनी कापड इतकं सरळ ताणलं होतं, की त्याच्या बोटांनी पुढची चुणी घातली.