पेटीत सडलेला दोर

मी एक जुना दोर आहे, भांगेच्या झाडाच्या खोडातून निघालेला. हसू नका, मित्रांनो! आमच्या वाणात नशा येण्याजोगं काही नव्हतं. होता तो नुसता चिवट धागा.

माझा जन्म मात्र घाणीतला. कापलेली खोडं दोन आठवडे डबक्यात बुडवून ठेवली होती. धाग्यांना चिकटलेला डिंक जिवाणूंनी खाल्ला आणि पाण्याला असा वास सुटला, की आजही शिसारी येते. पण मला वेळेवर बाहेर काढलं, वाळवलं, विंचरलं आणि पिळलं. माझ्या भाऊबंदांची शिडं झाली, कपडे झाले, कागद झाला. खोडाचे तुकडे चुन्यात कालवून भिंतीही उभ्या राहिल्या. मी होड्यांच्या कारखान्यात आलो.

तिथे रंगारीणबाई मला टांगलेल्या फळीवर बसून होड्या रंगवत. चढण्याआधी रोज माझा पीळ उकलून आत बघत. म्हणत, "बाहेरून काय, सगळेच गोरेगोमटे!"

मग नवा मुकादम आला. त्याने तेलकट हात मला पुसले. एकदा तर नाकही! शी! वर टापटिपीची भारी हौस. मला धुतलं आणि ओलाच पत्र्याच्या पेटीत कोंबलं. महिनाभर! बुरशीने मला आतून पोखरलं. माझीच मला किळस वाटू लागली. वरून मात्र मी धडधाकट दिसत होतो.

एके दिवशी मालक येणार म्हणून धावपळ उडाली. मुकादमाने स्वतःच मला पेटीतून काढून फळी बांधली.

"बाई, आज तपासणी-बिपासणी राहू द्या. मी बघितलंय. चढा."

बाईंनी पाय उचलला. मला ओरडता येत नव्हतं. नुसता घाण वास येत होता अंगाला.

त्या थबकल्या. "हा कसला वास?"

"रंगाचा असेल."

"तीस वर्षं रंगात गेली माझी. रंगाचा वास मला शिकवता?"

त्यांनी पीळ उकलला. आत काळा, बुळबुळीत लगदा. नुसत्या चिमटीने ओढला तर एक पदर तुटून हातात आला.

"आता तुम्ही चढा, मुकादम," बाई म्हणाल्या.

मुकादम दोन पावलं मागे सरकला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. हात मात्र कितीतरी वेळ साबणाने धूत राहिल्या.

माझा सडका भाग जाळला. उरलेला मी पिंजून, डांबरात भिजवून, पाणी आत शिरू नये म्हणून होडीच्या फटींत ठोकला जाणार आहे. मित्रांनो, आम्हाला खुशाल भिजवा, ओढा, लोंबकळा. पण ठेवण्याआधी वाळवा. आमच्या भरवशावर कोणीतरी जमिनीवरचा पाय उचलत असतं.