पैलवानाचा खांदा

शहरात उतरल्यापासून सांडू पैलवानानं तोंडावरचा गमछा काढला नव्हता. फुलंब्रीच्या आसपास कुणाचं हाड सरको, कुणाची लचक भरो, माणूस शनिवारी पैलवानाच्या ओट्यावर यायचा. तोच पैलवान आज खांद्या-कोपराच्या डॉक्टरकडं नंबर लावून बसला होता. त्याचा स्वतःचा उजवा हात कानापर्यंत जात नव्हता. हे गावात कळलं, की ओट्यावर कुत्रं फिरकणार नाही, एवढा हिशोब त्याला येत होता.

डॉक्टर सगीरा मॅडमची रीत अशी, की एकाला तपासताना पुढचा पेशंट आतच बाकावर बसलेला हवा. वेळ वाचतो, माणसाची झाकली मूठ तेवढी उघडी पडते. पैलवान आत जाऊन बाकावर टेकला. समोर स्टुलावर द्वारकाबाई, शेजारी तिचा नवरा बन्सी. ही बाई उन्हाळ्यात गोठ्यात घसरली, तेव्हा तिचं कोपर पैलवानानंच गरम तेल लावून चोळलं होतं, ओढून ओढून सरळ केलं होतं.

त्यानं गमछा नाकावर चढवला. बन्सीनं वळून पाहिलं. पुन्हा पाहिलं. ओळखलं.

मॅडमनी एक्स-रे उजेडासमोर धरला. "हे ढगासारखं पांढरं दिसतंय ना, तिथं एरवी हाड नसतं. मार लागलेलं कोपर जोरात चोळलं की कधीकधी असं हाड धरतं. कुणी चोळलं?"

बन्सीची नजर बाकाकडं गेली. ज्याच्यापुढं आपल्या बापानंही लचकलेला पाय लांब केला, त्याचं नाव त्याच्याच तोंडावर कसं घ्यायचं?

"कुनी नाय मॅडम. आपोआप आखडलं."

"बाई, तुम्ही सांगा."

"ती काय सांगनार? तिला कळत नाय त्यातलं."

मॅडमनी चष्म्यावरून बन्सीकडं एकदा बघून घेतलं. "सिस्टर, ह्यांना पट्टा बांधा. हं, पुढचं कोण?"

पैलवान उठला. सदरा काढायचा म्हणजे डाव्या हाताची कसरत. त्यात गमछा सुटून खाली पडला. कोपऱ्यात पट्टा बांधून घेणारी द्वारकाबाई बघतच राहिली.

"काका, हात वर. एवढाच? कुणाकडून चोळून घेतलात का?"

फुशारकीच्या सवयीनं खरं निसटलं. "छ्या! दुखऱ्या सांध्याला म्या कुनाला हात लावू देतो व्हय?"

"शहाणे आहात."

"मॅडम," द्वारकाबाई कोपऱ्यातून म्हणाली, "माझा हात ह्यांनीच चोळला."

"ए, गप!" बन्सी.

"का गप? मी वरडत व्हते, तर म्हनले, वरड, हाड बसतंय. आता घास तोंडापातुर जात नाय माझा. आन् सोत्ताच्या खांद्याला लई जपतेत!"

बन्सीनं आधीच खोटी साक्ष देऊन ठेवली होती. पैलवानानं नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. बायकोच्या शब्दापुढं दोन पुरुषांचा शब्द. त्यानं तिच्या हाताकडं पाहिलं. काटकोनात अडकलेला, मनगटाशी वाळलेला.

"चोळलं म्या," तो म्हणाला.

मॅडम आवाज न चढवता म्हणाल्या, "मग पुढं काय करायचं तेही तुम्हीच सांगा. माझ्यापेक्षा तुमचं ऐकतील."

पैलवान द्वारकाबाईकडं वळला. "बाई, मॅडम सांगतील तेच कर. दुसऱ्या कुनाला हात लावू देऊ नको. मला बी."

परतीच्या जीपमध्ये तिघं एकाच बाकावर आले. दुसरी जीप नव्हती. ड्रायव्हर कडूबा खुलला.

"रामराम पैलवान! शनवारी म्हातारीला आनतो. मनगट धरलंय तिचं."

बन्सी खिडकीबाहेर बघू लागला. द्वारकाबाई मात्र पैलवानाच्या तोंडाकडं बघत होती.

"नको आनू," पैलवान म्हणाला. "दवाखान्यात ने."

"आता? तुमी असताना?"

पैलवानानं डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. "मी बी तिथूनच आलो. खांदा गेलाय माझा."

जीपमधली सगळी तोंडं वळली. कडूबा आरशातून टक लावून बघत राहिला.

"पुढं बघून चालव, भाऊ," द्वारकाबाई म्हणाली.