माझ्या तोंडी दुसरीचा आवाज

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे, काशाची, गुडघाभर उंचीची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मी अमेरिकी आरमाराच्या एका मालवाहू नौकेवर टांगलेली होते. दर अर्ध्या तासाला वाजायचे आणि पाळी किती सरली हे खलाशांना सांगायचे.

आरमारात घंटा घासायचा मान स्वयंपाक्याचा. आमचा स्वयंपाकी ओटिस प्रुइट मला व्हिनेगर आणि मिठाने घासायचा.

"अरे ओटिस, आज सूप हिच्यातच कर की! निदान भांडं तरी स्वच्छ असेल," खलाशी चिडवायचे.

"करीन. पण तुला वाढणार नाही!"

ओटिसला मुलगी झाली, तेव्हा नौका सॅन दिएगोच्या धक्क्याला होती. रीतीप्रमाणे मला उलटी करून पाणी भरलं आणि त्या पाण्याने बाळाचा बाप्तिस्मा झाला. मग माझ्या आतल्या अंगावर नाव कोरलं गेलं: वर्ना प्रुइट. पुढच्याच वर्षी एक बॉम्ब थेट मुदपाकखान्यावर पडला. वर्नाला बापाचा चेहरासुद्धा आठवत नाही.

युद्ध संपलं आणि काही वर्षांनी सिनेमावाले मला न्यायला आले. लढाईपासून दूर कंटाळलेले खलाशी, कप्तानाच्या टबात सरबत करणारे, आणि शेवटी एका मित्राच्या मरणाची बातमी. अशी गोष्ट होती. मी हरखले. पण सामानवाला मला पाहताच ओरडला, "एवढी लखलखते? कॅमेरा आंधळा होईल!" त्याने मला आतबाहेर करडा रंग फासला. नटांची वाक्यं बुडू नयेत म्हणून माझ्या लोलकाला चामडंही गुंडाळलं. मला वाटलं, असेल चार दिवसांचं सोंग.

पहिल्या खेळाला मला थिएटरच्या दालनात टांगलं होतं. आतून हसण्याच्या लाटा येत होत्या. मग सगळं शांत झालं. आता खलाशी मेलेल्या मित्रासाठी मला वाजवणार! आणि घंटा वाजली. मित्रांनो, तो आवाज माझा नव्हताच! बारीक, गोड, दुसऱ्याच कुणा घंटेचा. आत लोक हुंदके देत होते आणि बाहेर मी सुन्न झाले होते.

सिनेमा गाजला. दरवर्षी लाँग बीचला त्याचे चाहते खलाशांच्या टोप्या घालून जमू लागले. संवाद सगळ्यांना पाठ. मलाही तिथे टांगत, पण मला जो वाजवी, तो तोंड वाकडं करी. थड्! "ही नकली आहे रे."

एका वर्षी चाहत्यांचा पुढारी गस टॉलिव्हर म्हणाला, "हिला वितळवू. छोट्या घंटा ओतू. अगदी सिनेमातल्यासारख्या गोड वाजणाऱ्या!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हादरले. माझ्यावर प्रेम करणारेच मला भट्टीत घालणार होते!

मला गाडीत चढवत होते, तेवढ्यात एक पांढऱ्या केसांची बाई समोर आली. हातात बाटली आणि फडकं.

"थांबा. हिच्यात माझं नाव आहे. आईने सांगितलंय."

"बाई, सिनेमातली घंटा अशी वाजत नाही," गस म्हणाला. "मी तो शेकडो वेळा पाहिलाय."

"मी एकदाही नाही पाहिला. तिथे लोक हसतात ना? माझा बाप तसल्याच नौकेवर गेला."

गसच्या डोक्यावरची टोपी आपोआप खाली आली. बाईने कॉफीच्या गाड्यावर व्हिनेगर गरम करून घेतलं आणि माझ्या आत फडकं दाबून धरलं. मग ती घासू लागली. खूप वेळ नुसता करडा चिखल निघाला. "पुरे आता, हात भाजतील तुमचे," गस पुटपुटला. तेवढ्यात एक अक्षर चमकलं. मग दुसरं. वर्ना.

"अरे देवा," गस खाली बसला. "मग सिनेमात वाजते ती कोण?"

"असेल कुणीतरी. हे चामडं सोड आधी."

गसने चामडं कापलं. वर्नाने एकच टोला दिला. इतक्या वर्षांनी माझा आवाज ऐकून मीच दचकले. केवढा जड, केवढा खोल! वर्नाने तळवा आत टेकवला, जिथे कधीकाळी तिच्या बाप्तिस्म्याचं पाणी साठलं होतं. कंप थांबेपर्यंत तिने तो उचलला नाही.

मित्रांनो, एखाद्या गोष्टीवर तुमचं फार प्रेम असेल, तर तिला भट्टीत घालण्याआधी एकदा आतून हात फिरवून बघा. तिथे कुणाचं तरी नाव असेल.