सुजाता नावाची बिअर

नागपूरहून अमेरिकेत रेडमंडला आले त्या दिवसापासून मला या घराच्या वासाची किळस आहे. माझा मुलगा आयुष घरी बिअर बनवतो. मोड आलेल्या जवाचं पाणी तासभर उकळतं, भिंती ओलसर होतात, आणि माझ्या पोळ्यांनाही तोच वास लागतो.

गराज थंड पडतं म्हणून बिअर मुरायचा ड्रम हॉलमध्ये, बुद्धमूर्तीच्या शेजारी. मी रोज सकाळी पंचशील म्हणते. दारूपासून दूर राहण्याच्या पाचव्या शीलावर आले, की कोपऱ्यातल्या ड्रममधून गुडूक. शेवटी मूर्ती मी वर माझ्या खोलीत नेली. ड्रम हलवलेला चालत नाही म्हणे.

बिअरला कडूपणा यावा म्हणून हॉप्स नावाच्या वेलाची फुलं घालतात. वाळवून, दाबून त्यांच्या गोळ्या करतात, अगदी कोंबड्यांच्या खाद्यासारख्या. माझं नाक तिखट, म्हणून आयुष प्रत्येक पाकीट माझ्या नाकाला लावायचा. एकाला ओल्या मोज्यांचा वास, दुसऱ्याला मांजराच्या मुताचा. ‘यालाच डिमांड आहे,’ असं वर सांगायचा. मी तोंड धुऊन यायचे.

त्याच्या ब्रूइंग क्लबची मंडळी आमच्याकडे चाखायला येणार होती. मागच्या खेपेला त्यांनी अर्धे ग्लास गुपचूप सिंकमध्ये ओतलेले त्याने पाहिले होते आणि ते त्याच्या जिव्हारी लागलं होतं. या वेळी त्याला हवी ती हॉप्सची सौम्य जात दुकानात नव्हती. त्याने मॅग्नम आणली. तिचा कडूपणा तिप्पट, तेव्हा ती तिसरा हिस्साच घालायची, असं मलाच समजावून सांगितलं. मग ऑफिसचा कॉल आला आणि त्या नादात चिरंजीवांनी अख्खं पाकीट रिकामं केलं.

चमचाभर चाखून त्याचं तोंड वाकडं झालं. पातेल्यात हिरवा गाळ तरंगत होता, गुरांच्या गोठ्यातल्या पाण्यासारखा. तो पुन्हा कॉल घ्यायला वर गेला. मला त्या पातेल्याकडे बघवत नव्हतं आणि त्याच्या तोंडाकडे तर मुळीच बघवलं नाही. कारलं कडू झालं की आपण काय करतो? मी गुळाची अख्खी ढेप फोडून आत टाकली आणि हात साबणाने दोनदा धुतले.

तो खाली आल्यावर त्याला लगेच सांगितलं. तो कपाळाला हात लावून बसला.

“आई, गूळ सगळा यीस्ट खाऊन टाकतं. गोड काही राहत नाही. कडू तेवढंच राहणार, वर गुळाची दारू होऊन बिअर जास्त स्ट्राँग होणार.”

म्हणजे जन्मभर दारूला हात न लावलेल्या बाईने दारू आणखी कडक केली होती. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

बिअर मुरल्यावर आलेल्या क्लबवाल्यांना मात्र ती भयंकर आवडली. असलं कडू जहर पिऊन ते ओठ पुसत होते आणि परत परत मागत होते. त्यांच्या फेसाळ मिशा बघून मी नाकाला पदर लावला. त्यांनी उरलेल्या बाटल्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, स्पर्धेत पाठवायचं ठरवलं.

दोन दिवसांनी आयुषने ओट्यावर बाटल्या मांडल्या. प्रत्येकीवर छापील लेबल होतं: ‘सुजाता’.

“सरप्राइज. तुझ्याच गुळाची आहे ना,” तो म्हणाला.

बुद्धांना खीर देणारी सुजाता, म्हणून माझ्या वडिलांनी माझं नाव ठेवलं होतं. मी सिंकमध्ये गरम पाणी सोडलं, बाटल्या बुडवल्या आणि नखाने माझं नाव खरवडायला लागले. ओल्या कागदाचा लगदा नखांत जात होता. शी.

“अगं, एंट्रीला नाव कंपल्सरी आहे. मग काय देऊ?”

“तुझं दे.”

तो हसला. मग हसू ओसरलं. त्याने हातातली बाटली फिरवून लेबल पुन्हा वाचलं.

“माझं विअर्ड वाटेल, आई.”

“हो ना?” मी म्हटलं.

त्याने बाही वर केली आणि माझ्या शेजारी उभं राहून लेबलं खरवडायला लागला.