शंका निळ्या पेन्सिलीने

जबाब. मुद्दा पहिला.

"मी नकाशा विभागात जुने नकाशे सांभाळते. सखल वस्तीच्या मूळ नकाशात ओढा दाखवलेला नव्हता. हे जुन्या पिढीतील कर्मचाऱ्यांच्या अज्ञानामुळे घडले असावे."

[अज्ञान कोणाचं?]

चौकटी कंसातलं माझं नाही, आईचं आहे. जबाब मी तिला फक्त शुद्धलेखन तपासायला दिला होता, कारण ऱ्हस्व-दीर्घात माझा हात कच्चा आणि तिचा पक्का. रविवारची सकाळ होती. ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली, चष्मा पुसला, ड्रॉवरमधून निळी पेन्सिल काढून तिला टोक केलं. पहिल्या तीन ओळी वाचल्या, समासात दोन शब्द लिहिले आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"शुद्धलेखन बघ म्हटलं होतं," मी म्हणाले.

"तेच बघतेय. अज्ञान हा शब्द बरोबर लिहिलायस. चुकीच्या जागी लिहिलायस."

आई एकाहत्तर वर्षांची आहे. बत्तीस वर्षं ती याच विभागात ट्रेसर होती. कच्च्या नकाशावर पारदर्शक कापड ताणायचं आणि खालची एकेक रेघ शाईने वर उतरवायची, हे तिचं काम. त्या कापडावरून अमोनियाच्या यंत्रात प्रती निघत, आणि त्या प्रती बघून लोक घरं बांधत. आता मी तीच कापडं स्कॅन करते. म्हणजे मायलेकी मिळून जन्मभर नकलाच करत आलोय.

गेल्या महिन्यात दोन दिवस पाऊस लागून राहिला आणि सखल वस्तीत कमरेएवढं पाणी शिरलं. तिथे माझी लेक दोन मैत्रिणींबरोबर भाड्याने राहते. राहत होती. सध्या ती आमच्या बाहेरच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपते, आणि तिची भिजलेली पुस्तकं गॅलरीत दोरीवर, माझ्या परकरांच्या शेजारी, चिमटे लावून लटकताहेत.

चौकशी समिती बसली. समितीचा विभागाला एकच प्रश्न होता: मूळ नकाशात ओढा होता की नव्हता? नसेल, तर पाणी बाहेरून आलं असं धरून वस्तीच्या वरच्या अंगाला भिंत घालायची. असेल, तर भिंत घालायची नाही, ओढ्याला वाट करून द्यायची. उत्तर मी द्यायचं होतं, सोमवारी अकरापर्यंत. साहेबांनी मसुदा आयता हातात ठेवला, मी तो उतरवून घेतला.

"सोपं आहे बाई," ते म्हणाले होते. "जुनी माणसं, जुनी पद्धत. सगळे निवृत्त, त्यातले निम्मे वर गेलेले. कोणाला लागत नाही, कोणाला बोचत नाही."

"साहेब, त्यातली एक माझ्या घरी आहे."

"मग तर उत्तमच. घरातल्या घरात मिटेल."

जबाब. मुद्दा दुसरा.

"त्या काळी कर्मचाऱ्यांना जमिनीच्या उताराचे पुरेसे शास्त्रीय ज्ञान नव्हते."

[चपला हातात घेऊन मी तो ओढा ओलांडला आहे. शास्त्र नव्हतं. गुडघा होता. पाणी गुडघ्याच्या वर होतं.]

"तू गेली होतीस तिथे?" मी विचारलं. "ट्रेसर कधीपासून जागेवर जायला लागल्या?"

"मोजणीदाराच्या वहीत ओढा होता. तेव्हाच्या थोरल्या साहेबांनी जो कच्चा नकाशा दिला, त्यात नव्हता. म्हणून एका सुट्टीला जाऊन बघून आले. तूही होतीस की. दहा वर्षांची. पाय दुखतात म्हणून वाटभर जीव खाल्लास माझा."

ती सहल होती. निदान मला तसंच आठवतं. मी पाण्यात दगड टाकले होते, एक चप्पल वाहून गेली होती, आईने न ओरडता नुसतं ती चप्पल कुठवर जाते ते बघितलं होतं.

"मग ओढा काढला का नाहीस?"

"काढला."

"कुठे?"

तिने हातातली पेन्सिल वर धरली.

आता हे समजावून सांगायला हवं. विभागात एक शिरस्ता होता, कुठे लिहिलेला नव्हता पण पहिल्याच आठवड्यात अंगवळणी पडायचा: निर्णय काळ्या शाईने, शंका निळ्या पेन्सिलीने. अमोनियाच्या यंत्राला फिकट निळा रंग दिसत नाही. शंका कापडावर राहते, प्रतीत उतरत नाही. साहेबांचा शब्द राहायचा आणि ट्रेसरच्या मनालाही टोचणी लागायची नाही. काय सोय होती! अडतीस वर्षांपूर्वी आईने सखल वस्तीच्या कापडावर निळी रेघ काढली, तिच्या शेजारी "पाणी आहे" असं लिहिलं, आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकलं.

"प्रश्नचिन्ह का?" मी विचारलं. "पाणी तर होतंच."

"पाणी होतं. पण मी ट्रेसर होते."

बाहेरच्या खोलीतला हेअर ड्रायर बंद झाला. लेक त्याने पुस्तकांची पानं वाळवत होती. ती तशीच दारात येऊन उभी राहिली, ड्रायर हातात, पिस्तूल धरावं तसा.

"म्हणजे आज्जी, तुला माहीत होतं."

"होतं."

"आणि तू ते पेन्सिलीने लिहिलंस. फिकट निळ्या. मुद्दाम दिसत नाही अशा."

"हो."

"कमाल आहे तुमच्या पिढीची! जगाची वाट लावायची, तीसुद्धा हळू आवाजात!"

"तुझा आवाज मोठा आहे, मान्य," आई म्हणाली. "तुझ्या त्या भाड्याच्या खोलीत भिंतीवर गुडघ्यापर्यंत ओल चढलेली होती. मी आले होते तेव्हा बघितली. नंतर आले तर त्यावर तू डोंगराचं चित्र लावलेलं."

"मला दुसरी खोली कुठे मिळणार होती?"

"मला दुसरी नोकरी कुठे मिळणार होती?"

दोघींच्याही नाकपुड्या सारख्याच फुललेल्या. मग लेक माझ्याकडे वळली.

"आणि मधल्या पिढीचं काय म्हणणं आहे?"

"मधली पिढी शुद्धलेखन तपासून घेतेय," आई म्हणाली.

जबाब. मुद्दा तिसरा.

"सहा वर्षांपूर्वी सर्व नकाशांचे स्कॅनिंग करण्यात आले. त्या वेळीही ओढा आढळून आला नाही."

[?]

इथे आईने काहीच लिहिलं नव्हतं. नुसतं चिन्ह. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या रेघा उतरवलेल्या बाईला कुठली रेघ खोटी आहे ते कळतं. तिने पेन्सिल खाली ठेवली आणि वाट बघत बसली. माझ्या लहानपणीही ती अशीच बसायची. मग मी काय फोडलंय ते आपणहून सांगायचे.

मी मोबाईल काढला आणि फोटो दाखवला.

शनिवारी मी मूळ गुंडाळी कपाटातून काढली होती. कापड पिवळं पडलंय, पण निळी रेघ आहे. वरच्या अंगाकडून येते, दोन वळणं घेते, वस्तीच्या बरोबर मधून जाते. ज्या जागी भिंत घालायची म्हणताहेत, तिथूनच ती आत शिरते. शेजारी आईचं अक्षर. आणि त्या अक्षराच्या खाली चिकटवलेली एक पिवळी चिठ्ठी. चिठ्ठीवर माझं अक्षर: "निळी रेघ कसली? विचारणे." खाली सहा वर्षांपूर्वीची तारीख.

कोणालाच विचारलं नाही. रंगीत स्कॅन करायला एका नकाशाला वीस मिनिटं लागायची, काळ्या-पांढऱ्याला तीन, आणि महिन्याला चारशे नकाशे संपवायचे होते. मी बटण काळ्या-पांढऱ्यावर ठेवलं. निळं सगळं गळून गेलं. साहेब म्हणाले, किती स्वच्छ काम आहे बाई तुमचं. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मला छान वाटलं होतं. चिठ्ठी लावली म्हणजे माझ्याकडून झालं, असं.

ज्या बाईला विचारायचं होतं, ती रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसून भाजी निवडत होती.

लेकीने फोटो मोठा केला. बराच वेळ बघितला.

"तुझी पिवळी आहे," ती म्हणाली. "एवढाच काय तो फरक."

मला राग आला. आपण चूक असताना येतो तसला, कानापर्यंत चढणारा. "बोलायला काय जातंय तुझं! हे खरं लिहिलं तर माझ्यावर कारवाई होईल. नोकरीची दहा वर्षं उरलीत माझी. आणि आई, तुला कळत कसं नाही, तो अज्ञान शब्द तुला वाचवतोय! माहीत नव्हतं म्हटलं की विषय संपला. कोण विचारतंय त्यानंतर?"

"तेच ना. कोणी विचारणार नाही." आईने कागद स्वतःकडे ओढला. "मला नको वाचवूस. बत्तीस वर्षं मान मोडून काम केलं, आणि शेवटी माझ्या नावावर काय, तर बाईला कळत नव्हतं? मला कळत होतं. मोजणीदाराला कळत होतं. थोरल्या साहेबांना तर सगळ्यांत जास्त. उन्हाळ्यात कोरडा असतो म्हणून त्यांनीच ओढा गाळायला लावला, आणि स्वतःचं घर टेकडीवर बांधलं. आम्ही अडाणी नव्हतो गं. आम्ही गप्प बसलो. ते लिही. जे केलं त्याची बोलणी खाईन मी. जे नव्हते, ते कशाला होऊ?"

"आणि माझं?"

"तुझं तू ठरव. ती चिठ्ठी काही मी लावलेली नाही."

आई कधीही गोड बोलून समजूत घालत नाही. तिच्या नोकरीत रेघ एकदा शाईने काढली की खोडता येत नसे, आणि तीच सवय जिभेलाही लागली आहे.

"आई," लेक म्हणाली. आवाज आता खाली आला होता. "भिंत घातली तर पुढच्या वेळी पाणी कमरेवर थांबणार नाही. आमच्या शेजारच्या खोलीत शिंपीणबाई राहतात. त्यांना पळता येत नाही."

गॅलरीत पुस्तकांची पानं फडफडत होती.

"काळं पेन आण," आई नातीला म्हणाली.

मग ती कामाला लागली. पहिल्या मुद्द्याशेजारचे दोन शब्द, दुसऱ्या मुद्द्याशेजारचा ओढा, चपला आणि गुडघा, सगळी निळी अक्षरं तिने काळ्या शाईने गिरवली. अलीकडे तिचा हात थरथरतो, कपातला चहा बशीत सांडतो. रेघेवर आल्यावर थरथरला नाही. एका दमात एक अक्षर, अक्षर पूर्ण झाल्यावरच श्वास. तिसऱ्या मुद्द्यापाशी ती थांबली. ते निळं प्रश्नचिन्ह तिने गिरवलं नाही. त्यावर काळी आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं:

[पाणी आहे. तेव्हाही होते. मी कापडावर लिहिले, कोणाला दिसणार नाही असे लिहिले. ट्रेसर, निवृत्त.]

खाली पूर्ण सही केली आणि पेन माझ्याकडे लोटलं.

मी "आढळून आला नाही" खोडलं. वर लिहिलं, "आढळला होता. मी चिठ्ठी लावली आणि पुढे काही केले नाही. फोटो जोडला आहे. मूळ कापड कपाटात आहे, रंगीत बघावे." आपण खरं लिहिलं की हलकं वाटतं म्हणतात, त्यांनी बहुधा कधी लिहिलेलं नसावं.

मी पेन लेकीपुढे धरलं.

"मी कशाला?" ती म्हणाली. "माझं त्यात काही नाही. मी नुसती बुडाले."

आईने मान हलवली. "खरंय तिचं."

सोमवारी आई माझ्याबरोबर आली. नको म्हटलं तरी आली, ठेवणीतली पर्स घेऊन. साहेबांनी जबाब उभ्यानेच वाचायला घेतला आणि अर्ध्यावर खुर्चीत बसले.

"बाई, हे काय आहे? समासात कोण बोलतंय?"

"मी," आई म्हणाली.

"आजी, तुम्ही बसा. पाणी घ्या."

"पाणी पुष्कळ झालं. वाचा पुढे."

त्यांनी वाचलं. मग दार लोटून घेतलं आणि आवाज मऊ केला. "हे बघा, आपण सगळे एकाच घरातली माणसं. यात खाडाखोड फार आहे. स्वच्छ प्रत करून आणा, समास मोकळा ठेवून. दुपारपर्यंत चालेल."

"हीच स्वच्छ आहे," मी म्हणाले.

"याचे परिणाम होतील, बाई. तुम्हाला होतील."

"मला होऊ देत. आजवर झाले ते तिकडे वस्तीत झाले." मी घड्याळाकडे बघितलं. "मला पोच हवी आहे. अकराला दहा कमी आहेत."

आवकच्या खिडकीत बसणाऱ्या बाईंनी कागद घेतला, आमच्याकडे बघितलं, साहेबांच्या दाराकडे बघितलं, आणि प्रत काढायला तो यंत्रावर पालथा घातला. आमच्या मजल्यावरचं यंत्र जुनं आहे. त्याला काळ्या-पांढऱ्याखेरीज काही येत नाही. प्रकाशाची पट्टी एकदा सरकली. कागद गरम बाहेर आला.

बाईंनी हात पुढे करायच्या आत आईने तो उचलला. खिडकीपाशी नेला, उजेडात धरला आणि बोट लावत एकेक ओळ तपासली: समास, चपला, गुडघा, पाणी, खालची सही. अमोनियाच्या यंत्रातून निघालेली प्रत ती अशीच तपासत असणार. मी तिला काम करताना कधी पाहिलं नव्हतं.

"उतरलंय सगळं," ती म्हणाली.

शिक्का दाणकन बसला. तारीख, वेळ, आवक क्रमांक.

"अजून एक काढा हो," आई त्या बाईंना म्हणाली. "नातीला दाखवायचंय. तिचा आमच्यावर विश्वास नाही, आणि तिचं चूक नाही."